वारस: कोणी नाही

पासिर रिस, सिंगापूर
१२ जानेवारी २०२५

दादा,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. अक्षर ओळखून पाकीट तसंच फेकू नकोस. एक गोष्ट विचारायची आहे, ती विचारते आणि थांबते.

गेल्या जुलैमध्ये पुण्याहून गार्गी नावाची मुलगी तुझ्याकडे आली होती का? त्याच्या वर्षभर आधी बाबांचं रेकॉर्डिंग करून गेली होती, तीच. तिने बाबांच्या नावाचा कागद आणला होता का? त्यावर अंगठा कोणाचा आहे?

का विचारते ते सांगते. इथे सरकारी पैशातून नाटक, नाच, गाणं यांना मदत देणारा एक निधी आहे. अर्ज आले की ते त्या-त्या विषयातल्या माणसांकडे वाचायला पाठवतात. मराठीतलं काही क्वचितच येतं. विद्यापीठात भाषेवर काम करणारी मराठी बाई म्हणून त्यांना माझं नाव मिळालं. डिसेंबरात एक अर्ज माझ्याकडे आला. नाव, ‘शेवटचा बहुरूपी’.

अर्ज वाचायला मी लायब्ररीत बसले होते. चौथ्या पानावर बाबांचा फोटो होता. फौजदाराच्या वेशात, कंबरेला ते लाकडी पिस्तूल, मिशी काजळाने वळवलेली. खाली लिहिलं होतं, ‘किसन बहुरूपी, वय अंदाजे सत्तर, या परंपरेतले अखेरचे कलावंत.’ पुढच्या पानावर त्यांचं संमतीपत्र. त्यांची कला, त्यांचा आवाज, त्यांच्या लकबी या नाटकात वापरायला त्यांची हरकत नाही, मानधन त्यांना पोचेल, असं. तळाला निळ्या शाईचा अंगठा. तारीख ९ जुलै २०२४.

बाबा मार्चमध्ये गेले, दादा.

आणि एक रकाना होता, वारसांचा. तिथे लिहिलं होतं, ‘कोणी नाही.’

तो अंगठा कोणाचा, एवढंच कळव. कोणाला सांगणार नाही, असं वचन मात्र मी आज देऊ शकत नाही.

उर्मिला


पासिर रिस
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही. टपालाला तीन आठवडे लागतात असं मी स्वतःला सांगते आहे. निधीकडून मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. कारण दिलं, ‘कामाचा ताण’.

अर्ज कोणाचा ते मागच्या वेळी लिहिलं नाही. ज्याचा आहे त्याच्या घरी मी चार वर्षं जेवते आहे. सारंग तांजोंग पगारला एका फायनान्स कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. नाटकाचं वेड. शनिवार-रविवार इथल्या मराठी मुलांना घेऊन तालमी करतो. त्याची बायको मेधा. मी या देशात आले तेव्हा तापाने फणफणले होते, आणि एका कार्यक्रमात एकदाच भेटलेली ही बाई बसने डबे घेऊन माझ्या खोलीवर आली होती. इथे माझं म्हणावं असं तेच एक घर आहे. बाकी मी, माझी भाड्याची खोली, आणि घरमालकीणबाई, ज्या मला ‘जेवलीस का’ एवढंच इंग्रजीत विचारतात.

मेधाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “सोनेवाडीकर म्हणजे तुम्ही मूळचे?”

“नगरकडचे.”

“बाबा काय करतात?”

“शिक्षक होते,” मी म्हणाले. ‘होते’ म्हणाले. तेव्हा ते होते, दादा. जिवंत होते, आणि गावोगाव फिरत होते.

आडनाव मी राजपत्रात बदलून घेतलं ते तुला माहीत आहे. शिक्षकाचं तुला माहीत नव्हतं.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. मी अर्ज वाचते आहे हे त्यांना ठाऊक नाही, सांगायची परवानगीही नाही. सारंग टेबलावर नाटकाचा आराखडा पसरून बसला होता. त्याची मुलगी चैत्राली नऊ वर्षांची आहे, शाळेतलं इंग्रजीच बोलते. तिने विचारलं, “बहुरूपी मीन्स व्हॉट, आह?”

मेधा म्हणाली, “वेगवेगळी सोंगं घेऊन गावात फिरायचे ग. आता नाहीत. संपले ते सगळे.”

“सगळे डाय झाले?”

“हो, बाळा.”

मी समोर पुरी मोडत होते. तू जिवंत आहेस हे सांगायला मला तोंड होतं, दादा. मी भाजी वाढून घेतली.

आता रेकॉर्डिंगचं सांगते. अर्जासोबत बाबांच्या आवाजाची चाळीस मिनिटं आहेत. निधीच्या समितीवरच्या कोणालाही मराठी येत नाही, त्यांनी फक्त सूर ऐकला असेल. मी हेडफोन लावून सगळं ऐकलं. सुरुवातीला बाबा त्या मुलीला फौजदाराचं सोंग करून दाखवतात. “पाटलीणबाई, वॉरंट हाये! तुमच्या कोंबड्यानं पहाटं गावाची झोपमोड केली. कोंबडा हजर करा, न्हाईतर फौजदाराला च्या पाजा!” ती मुलगी मनापासून हसते. मीही हसले, आणि शेजारच्या विद्यार्थ्याने वळून पाहिलं.

एकतिसाव्या मिनिटाला ती विचारते, तुमच्यानंतर कोण? बाबा म्हणतात, “माझा थोरला हेच करतो. माझ्यापरीस बेस करतो. वेडी बाई करतो तवा बायासुद्धा फसत्यात.”

म्हणजे ‘शेवटचा’ हे खोटं आहे, आणि ‘वारस कोणी नाही’ हेही खोटं आहे, आणि त्याचा पुरावा त्यांनी स्वतःच जोडला आहे. या शहरात तो ऐकून ओळखेल अशी समितीजवळ मी एकटीच.

रेकॉर्डिंगमध्ये अजून एक वाक्य आहे. ते आज लिहवत नाही.

खरं सांगायचं तर, मी अर्जाला चांगले गुण भरून ठेवले होते. नाटक चांगलं आहे, सारंगची तळमळ खरी आहे, आणि बाबांचं नाव तरी लागेल, असं मनाशी म्हटलं. पाठवायचं बटण तेवढं दाबलं नाही.

उर्मिला


पासिर रिस
१६ फेब्रुवारी २०२५

दादा,

मी दुसरं काही लिहिण्याआधी पुण्याच्या विद्यापीठाच्या फाटकाबद्दल लिहायला हवं होतं. तू वाट बघत असशील तर त्याचीच.

ऑक्टोबर २०१८. मी, माझे सर आणि दोन मैत्रिणी पायऱ्यांवर उभे होतो. बाबा हडपसरचा बाजार करून तसेच आले होते, फौजदाराच्या वेशातच. मला बघितलं आणि त्यांना मौज वाटली असणार. फाटकावरूनच मोठ्याने म्हणाले, “या इद्यापीठात एक चोर लपलाय! सा म्हयनं झालं, माझी झोप चोरून आणलीया!” लोक हसले. सरही हसले. वॉचमनने मला विचारलं, “मॅडम, तुमच्याकडे बघतोय, ओळखता का?”

मी नाही म्हणाले.

बाबांनी ते ऐकलं. पुढे ते एक शब्द बोलले नाहीत. आपली पोरगी आहे असंही सांगितलं नाही. पोलीस आले, वर्दी घातली म्हणून घेऊन गेले. तू तिसऱ्या दिवशी जामीन भरून त्यांना सोडवलंस. चौकी माझ्या होस्टेलपासून चालत पंधरा मिनिटांवर होती. मी दोन दिवस खोलीत बसून प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिलं. ते चांगलं उतरलं, सर खूश झाले. हे तुला कधीच सांगितलं नव्हतं.

बाबा गेल्याचं मला नवव्या दिवशी चुलत्याच्या पोराकडून कळलं. मातीला नाही, पण तेराव्याला पोचता आलं असतं. विमानाला साडेपाच तास लागतात. मी तिकीट काढलं नाही. रजा मिळत नाही, असं चुलत्याच्या पोराला कळवलं. मी रजा मागितलीच नव्हती.

मी कुठे असते, काय करते, हे लोक विचारत असतील तेव्हा तू काय सांगतोस? माझी विचारायची लायकी नाही, तरी विचारते.

रेकॉर्डिंगमधलं ते वाक्य सदतिसाव्या मिनिटाला आहे. मुलगी विचारते, मूलबाळ किती? बाबा म्हणतात, “एक पोरगा. अन् एक पोरगी. लई शिकलीया. तिचं नाव नका लिहू ताई. तिला तरास व्हईल.”

दादा, त्यांना कळलं होतं, आणि ते मलाच सांभाळत होते.

उर्मिला


पासिर रिस
२८ फेब्रुवारी २०२५

दादा,

रविवारी अनोळखी नंबर बघून मी फोन उचलला नसता. पुलाखालून कालव्याकडे चालत होते, हात मोकळा होता, म्हणून उचलला. सहा वर्षांनी तुझा आवाज. फोन ठेवल्यावर तिथल्याच बाकावर बसून तुझे शब्द जमेल तसे लिहून काढले, विसरायला नकोत म्हणून. कमीजास्त झालं असेल तर सांग.

तू म्हणालास, “अंगठा माझा हाये.”

मग तू म्हणालास, “ती पोरगी वाईट न्हवती. बाबा गेलं म्हणून कळल्यावर रडली. मंग फोन लावला कुणाला तरी, अन् म्हणली, कागद बाबांच्या नावानं लागंल, न्हाईतर काम हुणार न्हाई. मी म्हणलो, नाव लागंल का तिकडं? म्हणली, लागंल, मोठ्या अक्षरात. म्हणून दिला. बाबा सही करत न्हवते, म्हणून मी बी अंगठा दिला.”

“आणि तुझं नाव?” मी विचारलं.

“माझं कशाला लावत्याल?”

मग मी सांगितलं, की हे समितीला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, तुझ्या अंगठ्यासकट. नाही सांगितलं तर नाटक होईल, बाबांचं नाव झळकेल, तू मात्र कुठेच नसशील. मागे कोणीतरी पाण्याचा हंडा ठेवल्याचा आवाज आला. वहिनी असणार.

तू म्हणालास, “सांग. माझाच अंगठा म्हणून सांग. पर त्यास्नी हे बी सांग, की मी अजून जिता हाये.”

एवढंच बोललास. फाटकाचा विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. पत्रं पोचली का, हेसुद्धा मी विचारलं नाही.

काल समितीसमोर गेले. पाया लेबारला एका इमारतीत सहाव्या मजल्यावर त्यांची बैठक असते. लांब टेबल, पाच माणसं, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षीण बाई पिकल्या केसांच्या, तमिळ असाव्यात, शांत बोलतात. सारंगलाही बोलावलं होतं. मला दारातून आत येताना बघून तो उठून हसला. त्याला वाटलं, चला, आपलं माणूस आहे.

मी एकतिसावं मिनिट लावलं आणि इंग्रजीत अर्थ सांगितला. मग सांगितलं, की हा गृहस्थ मार्चमध्ये वारला, कागद जुलैचा आहे, अंगठा त्याच्या थोरल्या मुलाचा आहे, तो मुलगा जिवंत आहे, चौदा गावं फिरतो, आणि त्याला विचारलंत तर तो स्वतःच्या नावाने सही करेल, त्याला लिहिता येतं.

सारंग म्हणाला, “मला गार्गीने एवढं सांगितलं नव्हतं. टिपणं होती माझ्याकडे. चाळीस मिनिटं मी पूर्ण ऐकली नव्हती.”

एका सभासदाने त्याला विचारलं, “मग वारसांच्या रकान्यात ‘कोणी नाही’ कोणी लिहिलं?”

सारंग टेबलाकडे बघत म्हणाला, “मी. संपत आलेल्या गोष्टीला मदत लवकर मिळते, असं वाटलं.” मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, “उर्मिला, हे कुणीच केलं नसतं ग. त्या वस्तीवर कोण जाणार होतं? मी निदान गेलो तरी.”

तो स्वतः गेला नव्हता, गार्गी गेली होती. पण मी तरी कुठे गेले होते?

मग अध्यक्षीण बाईंनी मला विचारलं, “ही कौटुंबिक माहिती तुम्हाला कुठून मिळाली? तुम्ही अर्जाबाहेर कोणाशी बोललात का?”

मी म्हणाले, “त्याच्या मुलाला पत्रं लिहिली. तुमचा नियम मोडला. अर्ज हातात आला त्या दिवशीच सांगायला हवं होतं, ते दोन महिने लपवलं. रेकॉर्डिंगमध्ये सदतिसाव्या मिनिटाला ज्या मुलीचं नाव लिहू नका म्हणतात, ती मी.”

सारंग माझ्याकडे बघत होता, पण रागाने नाही. चार वर्षं घरी येणाऱ्या बाईकडे पहिल्यांदा बघावं तसा. मला वाटत होतं, हे म्हटलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं झालं नाही, दादा. कागद गोळा करून मी लिफ्टकडे गेले. खाली आल्यावर एमआरटी स्टेशनच्या दारात माणसं कामावरून घरी जात होती, आणि मला कोणाला तरी फोन करावासा वाटला. एकच नंबर आठवला, मेधाचा. केला नाही.

उर्मिला


पासिर रिस
६ एप्रिल २०२५

दादा,

निकाल लागला. अर्ज नामंजूर. सारंगला लिहून कळवलं आहे, की ज्यांची कला आहे त्या जिवंत माणसांना सोबत घेऊन, त्यांच्या नावाने करार करून पुन्हा अर्ज करता येईल. कागद बाद, पण तुझ्यावर काही नाही. अध्यक्षीण बाईंनी नोंदीत लिहून घेतलं, की त्याने विचारल्यावर लगेच खरं सांगितलं. मला वाचक म्हणून काढून टाकलं आहे. ते बरोबरच आहे.

सारंग पुन्हा अर्ज करणार नाही असं ऐकते. मेधाचा एकच मेसेज आला. “एवढी वर्षं माझ्या ताटात जेवलीस. आम्हाला आधी सांगितलं असतंस तर आम्ही काय तुला कमी लेखलं असतं?” मी तो पुष्कळदा वाचला. कमी लेखलं नसतं, असंच वाटतं मला. पण तिच्या तोंडून ‘संपले ते सगळे’ हे मी ऐकलं होतं, आणि ती मायेनेच म्हणाली होती. पाडव्याला दरवर्षी त्यांच्याकडे श्रीखंड असतं. या वर्षी बोलावणं आलं नाही. मी कपडे धुतले, समुद्रापर्यंत चालत गेले, परत आले. त्या दिवशी मी कोणाशी एक शब्द मराठीत बोलले नाही, हे झोपायला जाताना लक्षात आलं.

विद्यापीठात बातमी पोचली आहे. कोणी वाईट बोललं नाही. एक पुण्याचे गृहस्थ आवर्जून जवळ येऊन म्हणाले, “किती इन्स्पायरिंग!” आणि मग माझ्या जातीला सवलती कोणत्या, ते विचारत बसले.

पण एक चांगलं झालं. बाबांच्या आवाजावर हक्क घरच्यांचा, असं निधीने ठरवलं. त्यांच्याकडची प्रत त्यांनी मला दिली आणि सारंगकडूनही मूळ रेकॉर्डिंग मागवून घेतलं. ताब्यात घेताना एक फॉर्म भरायचा होता. मृताचं पूर्ण नाव, व्यवसाय, तुमचं नातं. काउंटरवरची मुलगी घाईत होती, मला वेळ लागला. व्यवसायाच्या रकान्यात मी बहुरूपी लिहिलं, इंग्रजी अक्षरांत. तिने विचारलं, “दिस वन वॉट जॉब?” मी सांगितलं, वेश बदलून लोकांना हसवायचं. ती म्हणाली, “ओह, नाइस, लाह,” आणि शिक्का मारला.

तुला परवाच्या फोनवर मी विचारलं, इथे येशील का, मी सोय करते, लोकांना खरा बहुरूपी दाखवू. तू हसलास. किती वर्षांनी हसलास माझ्याशी. म्हणालास, “तिकडं येऊन कुणाला फसवू? आपल्याला गाव लागतं. गावाला ठाऊक असतं, हा किसनचा पोरगा हाये, तरी फसत्यात. वळखीचा माणूस फसला तरच त्यात मजा हाये.” मी एवढी शिकले, याच विषयाच्या आसपास पुस्तकं वाचली, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी धीर करून तेच विचारलं, जे पत्रात विचारलं होतं. लोक माझ्याबद्दल विचारतात तेव्हा काय सांगतोस?

तू म्हणालास, “बहीण न्हाई मला, असं सांगतो.”

बरं झालं सांगितलंस. मला ते कळायला हवं होतं. समितीसमोर मी ज्या रकान्याबद्दल एवढं बोलले, तसा एक तुझ्याकडेही आहे, आणि तो मीच तुला भरायला लावला.

मी म्हणाले, रेकॉर्डिंग फोनवर पाठवते. तू म्हणालास, “फोनवर नगं. घिऊन ये.” मी नीट ऐकलं का म्हणून परत विचारलं, तर चिडलास. “यायचं तर ये. एसटी फाट्यावर थांबते. पुढं तीन किलोमीटर. मी आणायला येणार न्हाई.”

मी रजा मागितली आहे, या वेळी खरंच. मंजूर झाली. अठरा तारखेला पहाटे मुंबईत उतरते, म्हणजे दुपारपर्यंत फाटा. वहिनीला सांग, जेवायचं माझ्यासाठी वेगळं काही करू नको. गावात कोणी विचारलं तर तुला काय सांगायचं ते सांग, मी खोडून काढणार नाही.

तू येऊ नकोस आणायला. मी चालत येईन. सामान फार नाही.

उर्मिला